डावी पोटरी

"दोन्ही पायांचं एकच माप लिहा न मॅडम," हटवारकाकू म्हणाल्या. "कार्डावर दोन-दोन आकडे कायले पायजे?"

मी बुटक्या स्टुलावर बसून त्यांच्या मुलीच्या पोटरीला टेप लावत होते. उजवी पोटरी चौतीस सेंटिमीटर भरली होती. डावी अडतीस भरली. मी टेप सोडून पुन्हा लावला, कारण दुपारी तीनच्या सुमारास माझे डोळे जड व्हायचे आणि आकडे चुकायचे. पुन्हा अडतीसच आले.

"आई, तू गप राह्य बरं," मुलगी म्हणाली. ती एक हात भिंतीला टेकवून, सलवार गुडघ्यापर्यंत ओढून उभी होती. "मॅडम, कॉन्व्हेंटमध्ये शिकवते मी. दिवसभर उभं राहा लागते. फळ्याकडे वळलं की सगळा भार डाव्यावरच. म्हणून जाड झाला असन न?"

"असेल," मी म्हणाले.

पवनीत त्या वेळी ती एकच व्यायामशाळा होती. सकाळ-संध्याकाळ पुरुष यायचे आणि अकरा ते चार बायका. बायकांची बॅच माझी. मी विद्यापीठाकडून कबड्डी खेळलेली, आणि कबड्डीतच उजव्या गुडघ्याचा लिगामेंट तुटून घरी बसलेली. गुडघा गेलेल्या बाईनं दुसऱ्यांचे पाय घडवायचे, असा माझा धंदा होता. तेव्हा मी चौतीस वर्षांची होते आणि जिना चढताना साठीची वाटायचे.

टेप काढता काढता मी तिच्या घोट्याच्या वर अंगठा दाबला. मुद्दामच दाबला. अंगठा उचलला तरी खळगा तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत राहतो तसा. मी मनात दहापर्यंत मोजलं. खळगा भरला नाही. मान वर केली तर काकू माझ्याकडेच बघत होत्या. मला कळलंय हे त्यांना कळलं, आणि आम्ही दोघींनी एकदमच नजर फिरवली.

माझ्या आत्याचा पाय असाच सुरू झाला होता. हत्तीपाय. आमच्या भागात हे काही नवं नाही. डास चावतो, अंगात जंतू शिरतो, वर्षानुवर्षं गुपचूप बसून राहतो आणि मग एक दिवस पाय सुजायला लागतो. आत्याच्या पायाला मापाची चप्पल मिळत नसे. लग्नकार्यात तिला मागच्या खोलीत बसवायचे आणि तिचं ताट तिथेच नेऊन द्यायचे. ती बोलायला इतकी गमतीची होती, पण पाहुण्यांपैकी कुणाला तिचं नावसुद्धा माहीत नसायचं.

कार्डावर मी डाव्या आणि उजव्या, दोन्ही रकान्यांत चौतीस लिहिलं.

का लिहिलं, हे मी पुढे स्वतःला पुष्कळदा विचारलं. दया आली म्हणावं तर ते खोटं आहे. मी दमले होते. एखाद्याला खरं सांगायचं म्हणजे त्याला बसवावं लागतं, पाणी द्यावं लागतं, त्याचं रडणं ऐकावं लागतं. साडेतीनला माझी पुढची बाई यायची होती.

मुलीचं नाव प्रणिता. वय चोवीस. तुमसरच्या चोपकरांच्या धनंजयशी तिचं लग्न जमलं होतं, मुलगा वीज कंपनीत होता. दोन महिन्यांनी बस्ता होता. आमच्याकडे लग्नाच्या खरेदीला बस्ता म्हणतात. दोन्हीकडची माणसं एका दुकानात गादीवर बसतात, साड्यांचे ढीग पडतात, आणि नवरीला लागणारं सगळं मुलाकडच्या बायका तिच्या अंगाला लावून लावून घेतात. त्यात पायातली सँडल आली, पैंजण आले. म्हणजे दोन महिन्यांनी प्रणिताला दोन्ही पाय चार लोकांसमोर पुढे करावे लागणार होते.

"बस्त्यापर्यंत दोन्ही सारखे झाले पायजे," काकू जाताना म्हणाल्या. हे त्यांनी माझ्याकडे न बघता म्हटलं.

आमचे मालक नंदेश्वर सर यांनी कुठून तरी छापील कागद आणून ठेवले होते. 'पाय सडपातळ करण्याचा आहार' असं वर लिहिलेलं. त्यात ओट्स होते, ऑलिव्ह होतं, ब्रोकोली होती. पवनीच्या बाजारात ब्रोकोली मागितली असती तर भाजीवालीनं फुलकोबी दिली असती आणि वर मला नावं ठेवली असती. मी कागदाच्या मागच्या बाजूला माझं लिहून द्यायचे. रात्री भात नाही. मीठ कमी, पापड-लोणचं बंद. सकाळी मोड आलेली मटकी, दुपारी घट्ट वरण, एक अंडं, ताक.

"भात नाही?" प्रणिता ओरडलीच. "मॅडम, आमच्या घरी पोळी फक्त पाहुणा आला तर होते."

"मग समज, दोन महिने तू तुझ्याच घरी पाहुणी."

ती खळखळून हसली. धानाच्या जिल्ह्यात भात सोडायला सांगणारी बाई म्हणून मी आधीच बदनाम होते.

व्यायाम नेहमीचेच दिले. सायकल, उठाबशा, एक पाय पुढे टाकून खाली बसणं, पायरीच्या कडेला उभं राहून टाचा उचलणं. इतर प्रत्येकीला मी पहिल्याच दिवशी सांगत असे की बाई, एकाच जागची चरबी व्यायामानं जात नाही. अंग उतरतं तेव्हा सगळीकडून उतरतं, आणि पायाला आकार येतो तो स्नायूंनी. प्रणिताला मी हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तिनं पुढचा प्रश्न विचारला असता.

आणि ती काय राबायची! दुपारी शाळा सुटली की सरळ जिममध्ये. तासाऐवजी दोन तास. माझी बाकीची मंडळी चार उठाबशा काढून भिशीच्या गप्पांना लागायची आणि ही कोपऱ्यात घामानं निथळत असायची.

"मॅडम, तुमचा गुडघा वाजून राहिला," ती एकदा म्हणाली. "माझ्या वर्गातले पोट्टे चोरून बिस्किटाचा पुडा उघडतात न, तसा."

"तू तुझ्या टाचा उचल. माझा गुडघा मी पाहीन."

"धनंजय म्हणते, तुझी चाल छान आहे." ती टाचा उचलत, श्वास सोडत बोलत होती. "थे लोक पाहाले आले होते न, त्या दिवशी पाय दुखत होता माझा. मी हळूहळू चालली. त्याले वाटलं, ही अशीच डौलात चालते."

ती हसली. मला हसू आलं नाही. तो मुलगा तिला आवडला होता, हे दिसतच होतं. त्याचं नाव घेताना तिची एक टाच जास्तच वर जायची.

दर पंधरा दिवसांनी माप. उजवी पोटरी तेहतीसवर आली आणि अशी घट्ट, रेखीव झाली की कुणालाही दाखवावी. डावी साडेअडतीस. मग एकोणचाळीस. मेहनतीचं फळ मिळायचं ते मिळत होतं, पण ते सगळं एकाच पायाला. कार्डावर मी दोन्हीकडे तेहतीस लिहिलं.

"डावा काऊन ऐकून नाही राहिला, मॅडम?"

"आधी स्नायू फुगतो, मग उतरतो."

"किती दिवसांनी?"

"प्रत्येकीचं वेगळं असतं."

दुसऱ्या दिवसापासून ती पहाटे उठून वैनगंगेच्या पुलापर्यंत चालत जाऊन यायला लागली. शाळेत उभी, जिममध्ये उभी, त्यात हे. मी बघत होते. रोज ठरवायचे, उद्या सांगू. चार वाजले की पिशवी उचलून घरी जायचे आणि आडवी व्हायचे.

सहाव्या आठवड्यात ती तीन दिवस आली नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी तिच्या घरी गेले. आतल्या खोलीत ती पांघरूण घेऊन झोपली होती. अंगात ताप, डावा पाय गुडघ्यापर्यंत लाल, हात लावला तर चटका बसावा असा. करंगळीजवळ बोटांच्या बेचक्यात चिघळलं होतं आणि नडगीवर आडवे वळ उठले होते.

"हे वळ कशाचे?" मी बाहेर येऊन विचारलं.

काकूंनी चहा टाकला होता. "प्लास्टिक गुंडाळून दिलं होतं, वरून पट्टी. घाम आला का चरबी वितळते म्हणे. टीव्हीवर दाखवत होते." मग त्या स्टोव्हकडे बघत म्हणाल्या, "घट्ट बांधलं मी. लय घट्ट बांधलं."

त्यांनी माझ्यासमोर कप ठेवला आणि माझ्याशेजारी न बसता समोर जमिनीवर बसल्या.

"मॅडम, बस्ता पंधरा दिवसांवर आला. तुम्ही या दुकानात. मुलाकडच्यायनं विचारलं पायाचं, तर तुम्ही सांगा का जिममध्ये मुरगळला. माझ्या हातून व्यायाम चुकला म्हणा. तुम्ही शिकल्या-सवरल्या आहात, तुमचं ऐकतीन थे."

"आणि लग्न झाल्यावर?"

"एक डाव पोरगी उजवली का मग पाहता येते."

"काकू, हे काय आहे ते तुम्हाला माहीत आहे न?"

"कोणाले माहीत नसते आपल्याकडे?" त्या एकदम तडकल्या, आणि लगेच त्यांचा आवाज बसला. "मीच केलं हे. दरवर्षी त्या गोळ्या वाटाले येत. हत्तीरोगाच्या. मी म्हणो, ज्याच्या घरी आहे त्यानं खाव्या, आपल्या घरी कोणाले आहे? सारे म्हणत, खाल्ल्या का गरगरते, उलटी होते. जेवून घेऊ म्हणून ठेवून घेत होती आणि तुळशीच्या कुंडीत पुरून टाकत होती. लेकराच्या तोंडचं औषध मी मातीत पुरलं, मॅडम."

मी कप उचलला.

"आणि त्या वाटणाऱ्या पोट्ट्या तरी कोण्या पाहत होत्या?" त्या पदरानं नाक पुसत म्हणाल्या. "हातात पुडी दिली, बोटाले शाई लावली, का चालल्या पुढच्या घरी."

मी कप खाली ठेवला. चहा मला गेला नाही. 'बघते' असं काहीतरी म्हणून मी उठले. उन्हात चालत घरी आले आणि त्या दिवशी उरलेली बॅच घेतली नाही. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच.

ताप उतरल्यावर प्रणिता आली ती लंगडतच आली. केस वर बांधत म्हणाली, "आज सायकलच करू न, मॅडम? दहा दिवस राहिले." सायकलवर चढण्यासाठी तिनं डावा पाय दोन्ही हातांनी धरून उचलला.

मी तिला हाताला धरून बाकावर बसवलं आणि सांगून टाकलं. नाव घेऊन सांगितलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. पलीकडे दोघी-तिघी भिशीचं काहीतरी बोलून हसत होत्या.

"व्यायामानं नाही जाणार?"

"नाही."

"भात सोडून?"

"नाही ग."

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"पहिल्या दिवसापासून."

ती उठली, टेबलाशी गेली आणि खोक्यातून आपलं कार्ड काढलं. चौतीस, चौतीस. तेहतीस, तेहतीस. ती बराच वेळ वाचत होती, जणू त्यात पुष्कळ मजकूर होता.

"हे तुमचंच अक्षर आहे," ती म्हणाली.

रडली असती तर बरं झालं असतं. तिनं कार्ड परत खोक्यात ठेवलं, नीट, आपल्या जागी.

दुसऱ्या दिवशी मी तिला सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई सरळ बोलणाऱ्या होत्या. रोज साबणानं पाय धुवायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, चीर पडली की मलम, बसताना-झोपताना पाय उंच, आणि टाचा उचलण्याचा व्यायाम बसून, सावकाश. "पहिल्यासारखा होईलच असं मी सांगणार नाही," त्या म्हणाल्या, "पण आहे त्याच्या पुढे जाऊ द्यायचा नाही, एवढं तुझ्या हातात आहे. हे रोज करायचं. जन्मभर." प्रणितानं वहीत सगळं लिहून घेतलं. मास्तरीण ती.

बाहेर आल्यावर म्हणाली, "बस्त्याला या तुम्ही. आईनं बोलावलं आहे न."

"मी तिथे काय बोलू?"

"काही नका बोलू. न बोलणं तुम्हाला जमते."

हे मला लागलं. लागायलाच हवं होतं.

बस्ता भंडाऱ्याला होता. मोठं दुकान, पांढऱ्या गाद्या, वर गरगरणारे पंखे. चोपकरबाई, म्हणजे धनंजयची आई, गोऱ्या, जाडशा, मऊ बोलणाऱ्या होत्या. त्यांनी प्रणिताला जवळ बसवून घेतलं आणि शालू तिच्या खांद्यावर टाकून स्वतःच खूश झाल्या. काकू प्रत्येक साडीला 'छान आहे, छान आहे' म्हणत होत्या, न बघता. मी एका टोकाला बसले होते. तीन साड्या झाल्या, मानपानाच्या झाल्या, मग शेजारच्या दुकानातून सँडलचे डबे आले.

"दाखव बेटा पाय," चोपकरबाई म्हणाल्या.

प्रणितानं उजवा पुढे केला. सोनेरी पट्ट्यांची सँडल अशी बसली की दुकानदारसुद्धा 'वा' म्हणाला. मग डावा. पट्टा वर चढेना. दुकानदारानं एक नंबर मोठी आणली, तीही चढेना. चोपकरबाईंनी चष्मा नाकावर सरकवला.

"हा काऊन सुजला व?"

काकूंनी माझ्याकडे पाहिलं. ते डोळे मी विसरणार नाही. मी लपवत नाही, त्या क्षणी मी खोटं बोलणार होते. ताठ बसले होते, घसा साफ केला होता, आणि "माझ्याच हातून" एवढं माझ्या तोंडातून निघालंसुद्धा होतं.

"मॅडमच्या हातून काही नाही झालं, काकू," प्रणिता म्हणाली. "हत्तीपाय आहे. आत्ता सुरुवात आहे. दवाखाना सुरू केला मी."

हटवारकाकूंनी कपाळावर हात मारला. दुकानदार डब्यांची झाकणं लावायला लागला. चोपकरबाईंनी चष्मा काढला आणि फार हळू विचारलं, "धनंजयले माहीत आहे?"

"काल सांगितलं फोनवर."

"काय म्हणाला?"

"आईले विचारतो म्हणाला."

चोपकरबाईंनी तिचा हात हातात घेतला. वाईट बाई नव्हती ती. वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

"पोरी, तू चांगली आहेस," त्या म्हणाल्या. "पण माझ्या घरी अजून एक पोट्टी आहे लग्नाची. तिले पाहाले येतीन त्यायले मी काय सांगू?"

"लागत नाही तो कोणाले, काकू. डासानं होते."

"मले माहीत आहे बेटा. लोकांले कोण सांगन?"

त्या उठल्या. जाताना त्यांनी प्रणिताच्या डोक्यावरून हात फिरवला. शालू गादीवर अर्धा उलगडलेला पडला होता. दुकानदारानं तो घडी करून कपाटात ठेवला, आम्ही तिघी तिथे बसलेल्या असतानाच.

परतीच्या बसमध्ये काकू पुढच्या सीटवर दांड्याला डोकं टेकून बसल्या. प्रणिता खिडकीशी, मी तिच्या शेजारी. दुपारचं ऊन आत येत होतं. अड्याळ मागे पडलं तेव्हा मी तिला उरलेलं सांगितलं. सांगितल्यानं काही होणार नव्हतं. पण मी तिला एकदा अर्धं सांगून बसले होते, आणि अर्ध्यानं काय होतं ते पाहिलं होतं.

त्याच्या बारा वर्षांपूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन होऊन मी घरी बसले होते. गोळ्या वाटायच्या मोहिमेला मुली हव्या होत्या म्हणून मी नाव दिलं. दोघी-दोघींच्या जोड्या केल्या होत्या, आणि आमच्या जोडीकडे हटवार राहतात ती पेठ होती. नियम साधा होता. माणसानं आपल्यासमोर गोळ्या गिळायच्या, मगच त्याच्या बोटाला शाई लावायची. पण लोक 'जेवून घेऊ' म्हणत, थांबायला सांगत, पाणी आणायला आत जात, आणि माझा गुडघा ठणकत असायचा. मी पुडी हातात द्यायचे, शाई लावायचे आणि पुढच्या घरी जायचे. दीडशे घरं दोन दिवसांत झाली. सगळ्यांत लवकर काम संपवलं म्हणून आमच्या जोडीला शाबासकी मिळाली होती.

"आमच्या घरी आल्या होत्या तुम्ही?" तिनं विचारलं.

"आठवत नाही. एकही घर आठवत नाही मला."

ती खिडकीबाहेर बघत राहिली. धानाची कापणी झालेली, नुसते खुंट उभे होते.

"मले शाई आठवते," ती म्हणाली. "मी सहावीत होती. ते बोट वर धरून शाळेत गेली होती. मतदान करून आली म्हणून सगळ्यायले दाखवत होती."

मी तोंडाला पदर लावला. काकू त्या दिवशी बोलेपर्यंत, बारा वर्षांत मी त्या कामाची एकदाही आठवण काढली नव्हती.

"तुम्ही स्वतः खाल्ल्या होत्या?"

"नाही."

चार दिवसांनी मध्यस्थाचा निरोप आला, आणि तो काय असणार हे सगळ्यांना आधीच ठाऊक होतं.

याला आता नऊ वर्षं झाली. प्रणिता त्याच कॉन्व्हेंटमध्ये शिकवते, खुर्चीवर बसून, पाय समोरच्या स्टुलावर ठेवून. पाय आहे तेवढाच आहे. तिनं लग्न केलं नाही की झालं नाही, हे मी विचारलेलं नाही. ती माझी मैत्रीण आहे असंही मला म्हणता येणार नाही. पण त्या वर्षीची एक सकाळ सांगायची राहिली.

बस्त्यानंतर दोनेक महिन्यांनी पुन्हा गोळ्यांची मोहीम आली. रविवारी नवाच्या सुमारास माझ्या दारात प्रणिता उभी. खांद्याला गोळ्यांची पिशवी, हातात यादी, पायात दोन वेगवेगळ्या नंबरांच्या चपला.

"तुमचं पण नाव दिलं मी जोडीला," ती म्हणाली. "जेवून घ्या. उपाशीपोटी नाही चालत."

मी वरणभात खाल्ला. ती ओट्यावर बसून थांबली, पाय लांब करून. मग आम्ही त्यांच्या पेठेच्या तोंडाशी आलो. पहिल्या घराच्या दारात सासू-सुना गहू निवडत होत्या. पलीकडे दोघी नळावर होत्या. प्रणितानं सलवार गुडघ्यापर्यंत वर ओढली, भर रस्त्यात, सगळ्यांना दिसेल अशी. नळावरच्या बायका बोलायच्या थांबल्या. मला वाटलं, ती आता त्यांच्याकडे जाईल.

ती माझ्याकडे वळली. पिशवीतून तीन पांढऱ्या गोळ्या आणि एक चावायची, अशा चार गोळ्या काढून तिनं तळहातावर माझ्यासमोर धरल्या. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली.

"आधी तुम्ही," ती म्हणाली.

मी चावायची गोळी चावली. बाकीच्या तीन एकेक करून गिळल्या आणि वर पाणी प्यायले. मग सवयीनं डाव्या हाताचं बोट पुढे केलं.

"तोंड उघडा."

मी उघडलं.

"जीभ उचला."

रस्त्याच्या मधोमध, चार बायका बघत असताना, मी जीभ उचलली. ती वाकली, उन्हाकडे माझी हनुवटी वळवली आणि एका बाजूनं, मग दुसऱ्या बाजूनं, नीट पाहिलं. तिला घाई नव्हती. मग तिनं शाईच्या बाटलीचं बूच काढलं.